पेटी भरली आहे

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आपल्याकडे आता देवाची करणी म्हणून खपतं. बँकेत जा, तलाठ्याकडे जा, रेशनच्या दुकानात जा. काउंटरपलीकडच्या माणसाने हे तीन शब्द उच्चारले की आपण पिशवी उचलतो आणि मुकाट्याने घरी येतो. पाऊस पडला नाही तर जाब कुणाला विचारणार? तसंच हे. मीही कित्येक वर्षं अशीच घरी येत होते. पण गेल्या वर्षी एका प्रकरणात जरा खोलात शिरावं लागलं आणि तेव्हापासून हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. 

मी काही तंत्रज्ञ नव्हे, हे आधीच सांगते. मराठी माध्यमातून बी.ए. केलं, विषय मराठी आणि इतिहास. शाळेत गणिताला शिक्षक मिळेना म्हणून पाचवी ते सातवीचं गणित ‘तात्पुरतं’ माझ्या गळ्यात पडलं, ते निवृत्त होईपर्यंत गळ्यातच राहिलं. २००९ साली सुटले. कॉम्प्युटर त्यानंतर भाच्याने शिकवला. तो पुण्यात एका संस्थेत दहा-बारा हजार माणसांची ई-मेल सांभाळतो. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं यंत्राचं ज्ञान त्याचं, गणित माझं, आणि राग दोघांचा.

तर प्रकरण असं. आमच्या शाळेतले एक सहशिक्षक वारले, त्यांच्या पत्नीला (आम्ही त्यांना वहिनी म्हणतो) कुटुंब निवृत्तिवेतनातल्या फरकाची रक्कम मिळायची होती. एका कार्यालयाने सूचना काढली: सर्व संबंधितांनी अर्ज आणि पाच कागदपत्रं ई-मेलनेच पाठवावीत, पत्ता अमुक, अंतिम तारीख ३१. हस्तपोच अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. वहिनींनी नातवाकडून मोबाईलवर कागदांचे फोटो काढून घेतले आणि ३० तारखेला दुपारी सगळं पाठवून दिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. इंग्रजीत. वहिनींनी त्याची छापील प्रत काढून आणली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फाइलला लावली आणि निश्चिंत झाल्या.

दोन महिन्यांनी कळलं की त्यांचा अर्ज ‘मुदतीत प्राप्त नाही’.

फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. “बाई, असं कसं म्हणतात हो? पोच आहे माझ्याकडे. डेमन म्हणून कुणी साहेब आहेत, त्यांचं लगेच उत्तर आलेलं.”

मी कागद बघितला. पाठवणाराचं नाव मेलर-डीमन. ते कुणी साहेब नव्हेत, पत्र परत पाठवणारं यंत्र आहे, एवढं मला ठाऊक होतं. पण ते वहिनींना सांगताना मला ज्या शरमेने ग्रासलं ती काही माझी नव्हती. चौथी शिकलेल्या बाईला नकार कळवायचा तर तो तिला न कळणाऱ्या भाषेत, आणि वर तो पावतीसारखा दिसेल असा. असो.

संध्याकाळी भाच्याला फोटो पाठवला. त्याने फोन केला. “मावशी, त्यातला आकडा बघ. पाच, दोन, दोन. समोरची पेटी भरलीय. वहिनींचं पत्र दारातून परत आलंय.”

“म्हणजे सर्व्हर डाऊन होता?”

“छे! डाऊन असता तर बरं झालं असतं.”

हे मला समजेना. मग त्याने जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं आहे, आणि माझ्या मते ते प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हवं.

ई-मेल एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे कशी द्यायची याचे नियम जॉन पोस्टेल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८२ साली लिहिले. त्यानंतर त्यात भर पडली, पण गाभा तोच आहे. तेव्हाची यंत्रं सारखी बंद पडायची, तारा तुटायच्या. म्हणून ही पद्धत मुळातच असं धरून चालते की समोरचा सर्व्हर मधूनमधून बंद असणार. पत्र पाठवणारं यंत्र दार वाजवतं. कुणी उघडलं नाही तर पत्र फेकून देत नाही, रांगेत ठेवतं, अर्ध्या तासाने किंवा थोड्या वेळाने पुन्हा जातं, आणि नियम असा की निदान चार-पाच दिवस असे हेलपाटे घालावेत. आपला पोस्टमनसुद्धा एवढं करत नाही! म्हणजे ३० तारखेला सर्व्हर दिवसभर झोपला असता, तरी वहिनींचा अर्ज एक तारखेपर्यंत आपसूक पोचला असता. ई-मेलच्या बाबतीत ‘सर्व्हर डाऊन होता, म्हणून पत्र मिळालं नाही’ हे कारणच होऊ शकत नाही.

दार उघडून समोरचा काय उत्तर देतो त्याचे आकडे ठरलेले आहेत. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘नाही, परत येऊ नका’. पेटी भरली असेल तर यातलं कोणतं उत्तर द्यायचं हे सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात असतं. डव्हकॉट नावाचं पेट्या सांभाळणारं एक सॉफ्टवेअर जगभर वापरतात, त्यात यासाठी एका ओळीची सोय आहे. ती ओळ लिहिली तर पेटी भरल्यावर ‘नंतर या’ म्हणतं. कुणीच काही लिहिलं नाही, तर सरळ परत पाठवतं. भाचा म्हणतो, बहुतेक ठिकाणी कुणी काही लिहीत नाही. ‘नंतर या’ आणि ‘परत येऊ नका’ यांच्यात वहिनींचा फरकाचा हक्क अडकला होता आणि तो निर्णय कुणी घेतलेलाच नव्हता. तो आपोआप झाला होता.

आता गणिताकडे येऊ. खरी चूक तिथेच आहे.

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीला आठ नळ होते. मुलं सहाशे. मधली छोटी सुट्टी दहा मिनिटांची. एका मुलाला ओंजळ धरून पाणी प्यायला वीस सेकंद लागतात असं धरा. शाळा अकरा ते पाच, म्हणजे सहा तास, म्हणजे २१,६०० सेकंद. सहाशे मुलांचे वीस-वीस सेकंद म्हणजे १२,०००. सरासरी काढणारा माणूस म्हणेल, अहो, एकच नळ पुरतो, आठ कशाला? आता सुट्टीचं गणित करा. दहा मिनिटांत एका नळावर तीस मुलं. आठ नळांवर दोनशे चाळीस. तीनशे साठ मुलं तहानलेली वर्गात परत. सगळ्यांना पाजायचं तर वीस नळ हवेत. एक आणि वीस! प्रश्न तोच, मुलं तीच, पाणी तेवढंच. सरासरीने विचारलं तर एक, सुट्टीने विचारलं तर वीस.

हे गणित मी दरवर्षी सातवीला घालायची. पुस्तकात नव्हतं. मुलं चवताळून करायची, कारण ती त्या तीनशे साठांतली असायची.

बरं, हे काही माझं संशोधन नाही. डेन्मार्कमध्ये एर्लांग म्हणून एक गणिती होऊन गेला, जन्म १८७८ चा. तो आधी काही वर्षं शाळामास्तर होता (हे वाचल्यावर मला तो घरचाच वाटू लागला), मग १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. शहरात इतके इतके टेलिफोन आहेत, तर तारा किती हव्यात म्हणजे गर्दीच्या वेळी फोन लागेल? यावर त्याने १९०९ मध्ये पहिला लेख लिहिला आणि १९१७ मध्ये त्याचं प्रसिद्ध सूत्र आलं. शंभराहून जास्त वर्षं झाली. टेलिफोनच्या वर्दळीच्या मापाला त्याचं नाव आहे, त्याच्या नावाची एक संगणकभाषा आहे, आणि आपण सकाळी उठून ज्यावर गुलाबाची फुलं पाठवतो ते व्हॉट्सॲप त्याच भाषेत उभं केलेलं आहे. म्हणजे ‘गर्दीचा अंदाज कसा करणार बाई?’ असं मला कुणी सांगू नये. तो एका माजी शिक्षकाने आमच्या जन्माच्या आधी करून ठेवला आहे.

पण शाळेच्या टाकीत दोन वेगळे प्रश्न होते, हे लक्षात घ्या. नळ किती हवेत हा एक. टाकी केवढी हवी हा दुसरा. नळ अपुरे असतील तर रांग लागते. टाकी अपुरी असेल तर रांगेत उभं राहूनही उपयोग नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही, तो नळाचा प्रश्न. ई-मेलचं वैशिष्ट्य हे की नळाच्या बाबतीत ती फार सोशिक आहे, कारण वर सांगितलं तसं तिथे यंत्रच रांगेत उभं राहतं, माणसाला राहावं लागत नाही. टाकीच्या बाबतीत मात्र ती दयामाया जाणत नाही. आणि टाकीचं गणित तर नळाहूनही सोपं. त्याला एर्लांगही नको. गुणाकार पुरतो.

करू या. पाच कागद, प्रत्येकाचा मोबाईलवर काढलेला फोटो दोन एमबीचा. झाले दहा. पण ई-मेल ही मूळची साध्या अक्षरांची व्यवस्था. फोटो त्यातून पाठवायचा तर त्याचं अक्षरांत रूपांतर करावं लागतं आणि त्यात तिघांच्या जागी चार बसतात. त्यामुळे दहाचे झाले सव्वातेराच्या वर. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या यादीत त्या सूचनेत बसणारी सहा हजारांच्या आसपास नावं होती. सहा हजार गुणिले सव्वातेरा-साडेतेरा म्हणजे ८०,००० एमबी, म्हणजे ८० जीबी. 

आणि पेटी केवढी होती? हे कळायला मला माहिती अधिकारात अर्ज करावा लागला. तीन प्रश्न विचारले. किती अर्ज येतील असा अंदाज होता? पेटीची क्षमता किती? ती कधी भरली? तीस दिवसांची मुदत, त्यांनी एकोणतिसाव्या दिवशी उत्तर दिलं. त्याबद्दल आभार, कुणालातरी मुदत पाळता येते. पहिल्याचं उत्तर: ‘असा अंदाज केलेला नाही.’ दुसऱ्याचं: १० जीबी. तिसऱ्याचं: ‘माहिती उपलब्ध नाही.’

दहा जीबी. म्हणजे ७५० अर्ज. आठातला एक! पहिले साडेसातशे आत गेले, बाकीच्यांना डेमन साहेबांचं उत्तर. आमच्या संघटनेतल्या हुशार मंडळींनी वर सल्ला दिला होता की पोच आली नाही तर पुन्हा पाठवा. झालं, एकेकाने दोन-दोन, तीन-तीनदा पाठवले. म्हणजे आत गेलेल्या साडेसातशेंत माणसं किती आणि तीच माणसं किती, देव जाणे. ‘आपला अर्ज मिळाला’ एवढं एक मराठी वाक्य यंत्राकडून आपोआप परत पाठवायची सोय केली असती तर हा भार निम्मा झाला असता. त्या वाक्याचं वजन किती? काही केबी.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. मी कार्यालयात गेले तेव्हा तो आलाच. “मॅडम, एवढी मोठी सिस्टिम घ्यायला आमच्याकडे बजेट कुठाय?” 

ऐंशी जीबी म्हणजे काय? माझ्या नातीच्या फोनमध्ये १२८ जीबी आहेत. सहा हजार शिक्षकांचं आयुष्य, जन्मदाखल्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत, त्यात मावून वर तिची गाणी राहतील. पण थांबा, याहून पुढची गंमत आहे. माहिती अधिकाराच्या उत्तराला एक पुरवणी जोडलेली होती, कदाचित चुकून. त्यात त्या कार्यालयाने विकत घेतलेल्या पेट्यांची यादी होती. पेट्या दहा, प्रत्येकी दहा जीबी. एकूण शंभर. लागणार होते ऐंशी.

म्हणजे टाकी होती! पैसे भरून झाले होते! फक्त तिच्यात दहा भिंती घातल्या होत्या. एका कप्प्यातून पाणी उतू जात होतं आणि शेजारचे नऊ कप्पे बहुधा कोरडे. त्या दहा पेट्या तालुकावार वाटून दिल्या असत्या, तुमचा तालुका अमुक तर पत्ता अमुक, तरी काम भागलं असतं. किंवा नुसतं कुणीतरी दर दोन दिवसांनी पेटीतले अर्ज उतरवून घेऊन ती रिकामी केली असती. आपल्या पोस्टाच्या लाल पेटीवर पुढच्या निकासाची वेळ लिहिलेली असायची. ती पेटी काही अख्ख्या गावाच्या महिन्याभराच्या पत्रांएवढी नसायची. ती लहान होती कारण ती रिकामी व्हायची. नियोजन म्हणजे मोठी पेटी घेणं एवढंच नसतं, हे त्या काळच्या पोस्टमास्तरला कळत होतं.

भाच्याने इथे त्याच्या धंद्यातल्या लोकांची बाजू मांडली, तीही सांगायला हवी. तो म्हणतो, मावशी, प्रत्येकाला जेवढं देऊ केलं तेवढं सगळंच्या सगळं कुणी बांधून ठेवत नाही. परवडत नाही. बहुतेकांच्या पेट्या रिकाम्याच असतात, त्या भरवशावर जास्त वाटतात. खरं आहे. १ एप्रिल २००४ ला गूगलने एक जीबीची पेटी फुकट देतो म्हणून जाहीर केलं, तेव्हा हॉटमेल दोन एमबी देत होतं नि याहू चार. लोकांना एप्रिल फूल वाटलं. ते सरासरीच्या भरवशावरच चाललं. पण सरासरी कायम तीच राहत नाही. शिक्षणसंस्थांना याच कंपनीने ‘अमर्याद’ जागा दिली होती. २०२१ च्या फेब्रुवारीत सांगितलं की आता मर्यादा येणार, आणि २०२२ पासून संस्थेला मिळून १०० टीबी हा पाया धरला. ऐकायला केवढं तरी वाटतं. पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात भागा बघू: माणशी दोन जीबी. जगभरच्या विद्यापीठांत मग जुन्या विद्यार्थ्यांच्या पेट्या आवरण्याची धावपळ झाली. अमर्याद हा शब्द माझ्या मते वेदान्ताच्या बाहेर वापरूच नये.

तरीही, कंपनीने निदान दीड वर्ष आधी कळवलं. भागाकार करायला वेळ दिला. आमच्या वहिनींना दोन मिनिटं मिळाली.

आणखी एक आक्षेप: आपल्याकडे माणसंच इतकी, की कुठल्याही यंत्राचा कोलमडा होणार. हा तर मला सर्वांत चीड आणतो. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल झोहो या आपल्याच देशातल्या कंपनीच्या व्यवस्थेवर नेल्याचं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेपरात आलं. बारा लाख! आणि इथे सहा हजारांत घोडं अडलं. संख्या मोठी असणं हा प्रश्नच नाही, ती मोजलेली नसणं हा आहे. उलट एर्लांगचं गणित तर सांगतं की समुदाय मोठा असेल तर राखीव म्हणून ठेवायचा भाग प्रमाणाने कमी लागतो, कारण एकाची गर्दी दुसऱ्याच्या रिकामेपणात जिरते. बारा लाखांचं नियोजन एका अर्थी सहाशेंपेक्षा सोपं आहे.

मोठ्या संख्येचा खरा धोका वेगळाच असतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, १४ नोव्हेंबर २०१६ ला एक चाचणीची ई-मेल चुकून आठ लाखांहून अधिक लोकांना गेली. मग लोकांनी ‘मला का पाठवलं?’ म्हणून उत्तर दिलं, तेही सर्वांना. मग ‘कृपया सर्वांना उत्तर देऊ नका’ असं सर्वांना! शंभर माणसांनी एकेक ओळ लिहिली तरी आठ कोटी पत्रं. ती व्यवस्था दिवसभर रखडली. आमच्या संघटनेत हेच छोट्या प्रमाणावर दर १ जानेवारीला होतं. जिथे माणसं हजारांत आहेत तिथे ‘सर्वांना’ हे बटण कुलपात हवं. हेही नियोजनच, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पैसे न लागणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तारीख. शाळेत वीस नळ कधीच आले नाहीत. आम्ही काय केलं? सुट्टी फोडली. पाचवी-सहावी आधी सुटायची, मग सातवी-आठवी, मग नववी-दहावी. दोनशे मुलं, आठ नळ, दोनशे चाळीसची सोय. मिटलं. रेल्वेनेही हेच केलं आहे. तत्काळ तिकिटं सगळी सकाळी दहाला सुटायची, २०१५ च्या जूनमध्ये बिगरवातानुकूलितची वेळ अकरा केली. गर्दी संपली नाही, पण दोन ढिगांत विभागली. मग अर्जांच्या तारखा फोडायला काय हरकत होती? आडनावाच्या अक्षराप्रमाणे, जन्ममहिन्याप्रमाणे, कशाही. पण तारीख ठरवणारे साहेब वेगळे, पेटी घेणारा विभाग वेगळा, अर्ज वाचणारे कारकून वेगळे. तिघं एका मजल्यावर बसतात आणि एकमेकांना ‘अर्ज किती येतील हो?’ एवढं विचारत नाहीत. हे विचारायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला पाने किती ते सांगतातच ना?

आणि गणित चुकलं की दंड कुणाला? माझी सगळी तक्रार इथे येऊन थांबते. पेटी त्यांची, गुणाकार त्यांनी केला नाही, ‘परत येऊ नका’ हे उत्तर त्यांच्या यंत्राचं, आणि ‘मुदतीत प्राप्त नाही’ हा शेरा वहिनींच्या नावापुढे. सातवीत मुलाचं उत्तर चुकलं तर मी शेजारच्या मुलाचे गुण कापले नाहीत कधी.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १३ भाच्याने मला काढून दिलं. त्यात पाठवणं कधी झालं आणि मिळणं कधी झालं याची वेगवेगळी व्याख्या आहे. मजकूर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रात गेला की पाठवणं झालं. समोरच्याने नेमून दिलेल्या यंत्रात शिरला की मिळणं झालं. कार्यालय या दुसऱ्या भागाला चिकटून बसलं आहे: आमच्या पेटीत शिरलाच नाही, मग मिळाला कसा? अहो, शिरला नाही कारण तुम्ही दार लावलं होतं. हस्तपोच अर्जाची खिडकी तुम्हीच बंद केलीत, एकच दार ठेवलंत, आणि ते साडेसातशेव्या माणसानंतर बंद झालं. कायद्याचा शब्द त्यांच्या बाजूचा असेलही. पण त्यांचा खुलासा वाचताना मला असं वाटलं की परीक्षेच्या दिवशी शाळेला कुलूप लावून ‘मुलं गैरहजर’ असा शेरा मारावा, तसं काहीसं हे आहे.

आणि गंमत बघा. वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला तो कागद. मी त्यांना पहिल्या दिवशी म्हटलं होतं, ही पोच नव्हे. चुकलेच मी. त्या कागदावर तारीख आहे, वेळ आहे, पाठवणाऱ्याचा पत्ता आहे, ज्याला पाठवलं त्याचा पत्ता आहे, आणि अर्ज का घेतला नाही याचं कारण आहे. ३० तारखेला दुपारी अर्ज दारात आला होता आणि जागा नव्हती म्हणून आम्ही तो परत केला, असं यंत्राने लिहून दिलं आहे. याहून चांगली पोच त्या कार्यालयाने आजवर कुणाला दिली असेल असं मला वाटत नाही. ज्यांच्याकडे असे परतीचे कागद आहेत त्यांनी ते पुसून टाकू नयेत, छापून ठेवावेत. आमच्याकडे आतापर्यंत एकशे चाळीस गोळा झाले आहेत. भाच्याने तारखा लावून दिल्या. पहिला परतीचा कागद २७ तारखेचा, रात्री नऊ वाजून काही मिनिटांनी. म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’ या तिसऱ्या उत्तराची माहितीही आता उपलब्ध आहे.

ते एकशे चाळीस कागद जोडून वरिष्ठांकडे अर्ज केला आहे. मागणी एवढीच की २७ ते ३१ तारखेत ज्यांचे अर्ज पेटी भरल्यामुळे परत गेले, ते मुदतीत आलेले धरावेत. गेल्या आठवड्यात सुनावणीची नोटीस आली. त्यात लिहिलं आहे की अर्जदारांनी आपलं लेखी म्हणणं पुराव्यांच्या प्रतींसह सुनावणीच्या आठ दिवस आधी ई-मेलने पाठवावं. पत्ता तोच.

भाच्याला फोन केला. हसला आधी, मग म्हणाला, “मावशी, प्रती लहान करून पाठव, आणि त्याआधी एक नुसती चिठ्ठी पाठवून बघ जाते का.” चिठ्ठी पाठवली. परत आली नाही, म्हणजे गेली असावी. पोच अजून नाही. म्हणून वहिनी आणि मी उद्या सकाळी पोस्टात जाणार आहोत, एकशे चाळीस कागदांचा गठ्ठा स्पीड पोस्टाने टाकायला. वजन केलं, एक किलोच्या आत आहे.